ढकलत नेलेली सायकल

आपल्या वारणा खोऱ्यात ज्याने सायकलवरून शाळा केली त्याला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जुलैच्या पावसात रानातल्या वाटेवर सायकल घातली की शे-दोनशे पावलांत चाक फिरायचं थांबतं. काळी माती टायरला चिकटते, टायरवरून मडगार्डमध्ये जाते, तिथं गच्च थापली जाते आणि सायकल जागच्या जागी बसते. मग खाली उतरायचं, काटकी शोधायची, चिखल उकरायचा, दहा पावलं ढकलायचं आणि परत उकरायचं. आपण सायकलवरून चाललोय की सायकल आपल्या जिवावर चाललीय, हेच कळत नाही!

आता अशी कल्पना करा की सायकलचं पुढचं चाक तुमच्या छातीएवढं उंच आहे. मुलूख परका आहे. भोवतीच्या माणसांची भाषा तुम्हाला येत नाही, तुमची त्यांना येत नाही. पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि घर काही हजार किलोमीटरवर आहे. असे दिवस काढत एका माणसाने १८८४ ते १८८६ या काळात सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सायकलवरून जगाला वळसा घालणारा तो पहिला माणूस. त्याचं नाव थॉमस स्टीव्हन्स.

स्टीव्हन्सचा जन्म २४ डिसेंबर १८५४ चा. गाव इंग्लंडमधलं बर्कहॅमस्टेड. घरची परिस्थिती बेताचीच. तरुणपणीच तो अमेरिकेला गेला आणि पडेल ते काम करत राहिला. वायोमिंगमध्ये रेल्वेच्या कारखान्यात राबला, कोलोरॅडोत खाणीत उतरला. सायकलवरून अख्खी अमेरिका पार करायची कल्पना त्याच्या डोक्यात या खाणीतल्या दिवसांत आली, असं सांगतात. गंमत म्हणजे तोपर्यंत त्याला सायकल चालवायला येत नव्हती! आधी बेत ठरला, मग तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिथं सायकल शिकला. आपल्याकडे लोक आधी क्लास लावतात, मग नोट्स जमवतात, मग परीक्षेचा फॉर्म भरायचा की नाही यावर चर्चा करतात. या गड्याने आधी फॉर्म भरला.

त्याच्या यंत्राबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण ही पाने इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकाची आहेत. त्या काळच्या सायकलला पुढे पेनी-फार्दिंग म्हणू लागले. पेनी आणि फार्दिंग ही इंग्लंडमधली दोन नाणी, एक मोठं आणि एक छोटं. शेजारी शेजारी ठेवली तर जशी दिसतील तशी ही सायकल दिसायची. स्टीव्हन्सची सायकल अमेरिकेतल्या पोप कंपनीची 'कोलंबिया'. पुढचं चाक ५० इंच व्यासाचं, म्हणजे १२७ सेंटीमीटर. आपल्या नेहमीच्या सायकलचं चाक जेमतेम ७० सेंटीमीटरच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज करा. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच बसवलेली. चेन नाही, गिअर नाही, फ्रीव्हील नाही. पाय एकदा गोल फिरला की चाक एकदा फिरणार. परिघ काढून बघा, एका फेऱ्यात जवळपास ४ मीटर. जास्त वेग हवा तर जास्त मोठं चाक, हा त्या काळचा गिअर! चाक किती मोठं घ्यायचं हे चालवणाऱ्याच्या पायाच्या लांबीवर ठरायचं.

बसायची जागा जवळजवळ पुढच्या आसाच्या वरच. त्यामुळे पुढचं चाक दगडाला अडलं, खड्ड्यात गेलं किंवा चिखलाने अचानक आवळलं की सगळं यंत्र आसाभोवती पुढे फिरायचं आणि माणूस हँडलवरून डोक्यावर आपटायचा. टायर भरीव रबराचे. हवेचा टायर डनलॉपने १८८८ साली आणला, म्हणजे हा प्रवास संपल्यावर. ब्रेक म्हणजे पुढच्या टायरवर वरून दाबला जाणारा पत्र्याचा चमचा. ओल्या रबरावर तो किती धरणार, हे पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. आणि चिमट्यात व चाकात जागा इतकी कमी, की चिकणमाती आत शिरली की चाक बंद. थोडक्यात, हे यंत्र कोरड्या आणि गुळगुळीत रस्त्यासाठी केलेलं होतं. जगात तसे रस्ते तेव्हा फार थोडे होते.

२२ एप्रिल १८८४ रोजी सकाळी ८ वाजता स्टीव्हन्स सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. वय २९. सामान किती? पायमोजे, एक जादा शर्ट, एक पिस्तूल आणि एक रेनकोट. हा रेनकोट फार महत्त्वाचा, कारण तोच त्याचा तंबू आणि तोच त्याचं अंथरूण. आता नीट विचार करा. कोरड्या रात्री एका कोटात तिन्ही गोष्टी भागतात, पण भर पावसात हा हिशोब कोलमडतो. कोट अंगावर चढवला तर तंबू नाही आणि तंबू उभारला तर अंगावर काही नाही. म्हणून पावसाचा दिवस आला की संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी दाराशी पोचणं भाग असायचं. शेतकऱ्याचं घर, रेल्वेच्या गँगची खोली, सराई, जे मिळेल ते. कोणाच्याही मदतीशिवाय जगाला वळसा घालायला निघालेला माणूस पाऊस आला की परक्याच्या वळचणीला उभा!

अमेरिकेच्या पश्चिम भागात तेव्हा रस्ते म्हणण्यासारखे रस्तेच नव्हते. बैल-घोडागाड्यांच्या चाकोऱ्या, कालव्याच्या कडेच्या पायवाटा आणि रेल्वेचे रूळ, यांवरून तो चालला. सिएरा नेवाडा डोंगरात बर्फापासून रुळाचं रक्षण करायला लाकडी बोगद्यासारख्या लांबच लांब शेड बांधल्या होत्या. त्यांच्या आतल्या अंधारातून त्याने सायकल नेली. स्लीपरवरून सायकल चालवता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

४ ऑगस्ट १८८४ रोजी तो बोस्टनला पोचला. अंतर सुमारे ३,७०० मैल, म्हणजे जवळपास ६,००० किलोमीटर. दिवस साधारण १०४. भागाकार केला तर रोजचे सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोमीटर पडतात. आजच्या गिअरवाल्या सायकलवर सराव असलेला मुलगा एवढं अंतर नाश्त्याआधी मारेल. मग याला इतका वेळ का लागला?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच मला या माणसाबद्दल सांगावीशी वाटणारी मुख्य गोष्ट. या ६,००० किलोमीटरपैकी एक तृतीयांशाहून अधिक वाट त्याने पायी काढली. सायकल ढकलत, उचलत, ओढत. म्हणजे सुमारे २,००० किलोमीटर. वारणानगरहून निघून सायकल हाताने ढकलत थेट दिल्ली गाठली, तरी हे अंतर पुरं होत नाही! इतिहासात मात्र नोंद काय झाली? सायकलवरून अमेरिका पार करणारा पहिला माणूस. ही नोंद खोटी आहे का? मुळीच नाही. चाकाच्या बाजूने बघा. वर बसून पेडल मारा किंवा खाली उतरून ढकला, चाकाचा एक फेरा ४ मीटरचाच असतो. जमिनीला दोन्हींतला फरक कळत नाही. फरक फक्त बघणाऱ्याला कळतो, आणि सगळ्यात जास्त ढकलणाऱ्याला!

बोस्टनपर्यंतची बातमी गाजली. सायकल कंपनीचे मालक कर्नल पोप यांच्याकडेच तेव्हा 'आउटिंग' नावाचं मासिक होतं. त्या मासिकाने स्टीव्हन्सला आपला खास बातमीदार नेमलं आणि पुढच्या जगप्रवासाची सोय झाली. हिवाळा न्यूयॉर्कमध्ये लिहिण्यात गेला. १८८५ च्या एप्रिलमध्ये तो बोटीने इंग्लंडला निघाला आणि २ मे १८८५ ला लिव्हरपूलच्या एज हिल चर्चपासून डोक्यावर पांढरी हेल्मेट घालून पुढे सुटला. निरोप द्यायला शेकडो लोक जमले होते. इंग्लंडचे रस्ते त्याला अमेरिकेपेक्षा फारच चांगले वाटले. आपल्या जन्मगावावरूनच त्याची वाट होती.

त्याच १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची नवी सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, चेनने फिरणारं मागचं चाक, बसायची जागा खाली. आज आपण चालवतो ती सायकल मूळची हीच. म्हणजे स्टीव्हन्स ज्या यंत्रावर जग पालथं घालायला निघाला होता, ते यंत्र तो वाटेत असतानाच जुनं होत चाललं होतं. तो मात्र हातात असलेलं घेऊन पुढे गेला.

फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी. हंगेरीत इगाली नावाचा एक सायकलवाला त्याच्या सोबतीला आला. दोघांची एकही भाषा सारखी नाही. तरीही दोघांनी कित्येक दिवस बरोबर सायकल मारली. पुढे सर्बिया, बल्गेरिया आणि कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. तिथं त्याने स्पोक आणि टायरची डागडुजी केली आणि आशियात पाऊल टाकलं.

आणि इथं खरा चिखल भेटला. तुर्कस्तान आणि इराणमधली चिकणमाती पाऊस पडला की कणकेसारखी होते. चिमट्यात बसली की सायकल गाढवासारखी अडून राहते. अशा दिवशी एखाद्या गावात ओलाचिंब पोचावं, अंगात त्राण नसावं, तर गाव गोळा व्हायचं आणि एकच हट्ट धरायचं, चालवून दाखव! लोकांनी असलं यंत्र कधी पाहिलेलं नाही. गुडघाभर चिखलात हे चालत नाही, हे त्यांना सांगणार कसं आणि कुठल्या भाषेत? तरीही त्याच गावांत त्याला भाकरी मिळायची, शेकायला आग मिळायची, झोपायला जागा मिळायची. तेहरानमध्ये तो हिवाळाभर राहिला. इराणचा शहा नासिरुद्दीन याने त्याला बोलावून त्याची सायकल पाहिली.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. स्टीव्हन्सने लिहिलेलं आज वाचताना बऱ्याच ठिकाणी खटकतं. तो त्या काळातला गोरा माणूस होता आणि आशियातल्या माणसांबद्दल वरच्या पायरीवरून बोलायची सवय त्याच्या लिखाणात जागोजागी दिसते. पण ज्यांच्याबद्दल तो असं लिहितो, त्यांच्याच चुलीपाशी त्याचे कपडे वाळले. त्याची टिपणं नीट वाचली तर यजमानांचा मोठेपणा लेखकाच्या नकळत आपल्याला दिसत राहतो. थोर माणसाचं चरित्र वाचताना त्याचं सगळंच थोर मानायची गरज नसते.

१८८६ च्या वसंतात सगळ्यात मोठा अडथळा आला. रशियाने सायबेरियातून जायला परवानगी नाकारली. मग तो अफगाणिस्तानात घुसला. फराह गावाजवळ त्याला पकडलं, पहाऱ्यात हेरातला नेलं आणि परत इराणच्या हद्दीवर आणून सोडलं. हिंदुस्थान आता काही आठवड्यांच्या अंतरावर होता, पण वाट बंद. मग काय केलं? तो मागे फिरला. कॅस्पियन समुद्र ओलांडून बाकू, तिथून रेल्वेने बाटुमी, तिथून बोटीने पुन्हा कॉन्स्टँटिनोपल. आदल्या वर्षी जिथून आशियात शिरला होता, बरोब्बर तिथंच! तिथून सुएझमार्गे बोटीने तो हिंदुस्थानला आला. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्खं वर्ष गेलं. बरोबरची पोरं पुढच्या वर्गात आणि हा परत पहिल्या बाकावर. होस्टेलमध्ये 'वायडी' हा शब्द ज्याने ऐकला आहे, त्याला हे प्रकरण दोन वेळा वाचावंसं वाटेल.

हिंदुस्थानात तो पोचला ते ऐन पावसाळ्यात. लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने दिल्ली, आग्रा, कानपूर, अलाहाबाद, बनारस करत कलकत्ता. उकाडा आणि दमट हवा यांनी तो हैराण झाला, पण रस्त्याची मात्र त्याने तारीफ केली. या रस्त्यावर कंकर म्हणजे चुनखडीचे खडे टाकलेले असत. ते ओले करून ठोकले की सिमेंटसारखा घट्ट थर बसतो. म्हणजे पाऊस तोच, पण खाली माती असेल तर माणूस अडकतो आणि कंकर असेल तर सुटतो. सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. आपल्या भागात सायकलचं नावही अजून कुणाला फारसं ठाऊक नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घरच्या सायकलच्या धंद्याची सुरुवात १८८८ ची, म्हणजे त्यानंतर दोन वर्षांनी.

कलकत्त्याहून बोटीने हाँगकाँग आणि तिथून दक्षिण चीन. इथं पुन्हा ढकलणं आलं. भातखाचरांच्या बांधांवरून जाणाऱ्या अरुंद पायवाटा, त्यावर एवढं मोठं चाक. भाताच्या बांधावरून जो सायकल घेऊन गेला आहे त्याला कल्पना येईल. फ्रान्सशी झालेल्या लढाईमुळे तिथले लोक परक्यांवर चिडलेले होते. एका गावात जमावाने त्याच्यावर हल्ला केला. एका चिनी अधिकाऱ्याने आसरा दिला म्हणून जीव वाचला. तिथून होडीने आणि मग आगबोटीने तो शांघायला आणि पुढे जपानला पोचला. जपानचा प्रवास सुखाचा झाला. १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामाला सायकलवरचा प्रवास संपला. एकूण सुमारे १३,५०० मैल, म्हणजे २१,७०० किलोमीटरच्या आसपास. त्या चाकाचे सुमारे ५४ लाख फेरे!

यानंतर त्याने दोन खंडांचं प्रवासवर्णन लिहिलं. १८८९ साली तो स्टॅनले या प्रवाशाच्या शोधात आफ्रिकेला गेला. पुढे घोड्यावरून रशिया पाहिला. उतारवयात लंडनला स्थायिक होऊन तिथल्या गॅरिक थिएटरचा कारभार पाहिला. २४ जानेवारी १९३५ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी तो वारला.

त्याच्या हयातीतच आपल्या मुंबईनेही हा मान मिळवला होता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबमधले सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या सफरीला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी सुमारे ७१,००० किलोमीटरचा फेरा पुरा केला आणि १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. चेन आणि हवेचे टायर त्यांच्याकडे होते. वाळवंट आणि दलदल मात्र त्यांनाही चुकली नाही.

पहिल्या अटेम्प्टला सगळे विषय सोडवून जाणारे आपल्यात असतात. त्यांचं कौतुक आहेच. पण एटीकेटीचे दोन विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात बसणारे, सकाळी त्या वर्गाचं लेक्चर आणि रात्री मागच्या वर्षाचं एम-थ्री करणारेही आपल्याच कॉरिडॉरमध्ये असतात. रिझल्टच्या दिवशी खोलीचं दार आतून लावून बसणारेही असतात. त्यांना वाटतं, बाकीचे सायकलवरून चालले आणि आपण तेवढे उतरून ढकलतोय. त्यांच्या खोलीचं दार वाजवा. आत चहा घेऊन जा. स्टीव्हन्सलासुद्धा पावसाच्या रात्री कुणीतरी दार उघडलं होतं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुढे जाऊ शकला.

आणि ती सायकल? पोप कंपनीने ती बरीच वर्षं जपून ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली तेव्हा ती भंगारात दिली गेली. आज ती कुठल्याही संग्रहालयात बघायला मिळत नाही. प्रवास तेवढा उरला, ढकललेल्या अंतरासकट.